स्टॅलिनच्या हयातीतले भांडण आणि आपण

बेंबळीच्या एका अभ्यासवर्गात मी रशियन क्रांतीवर बोलत होतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत येऊन थांबलो, तेव्हा मागे बसलेल्या एका पोराने विचारले, "सर, स्टॅलिन एवढा ताकदीचा माणूस, मग त्याच्या माघारी त्याच्याच माणसांत भांडण कसं लागलं?" मी काहीतरी उत्तर दिले. पण ते माझेच मला पटले नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरा दिलेले उत्तर आहे.

त्याच्या प्रश्नात एक समजूत होती. थोर माणूस असतो तोवर घर एक असते, तो गेला की धाकटे भांडतात, ही ती समजूत. आपल्या चळवळीतही ती खोलवर रुजलेली आहे. रशियाचा इतिहास तपासला तर ती टिकत नाही. तिथले भांडण स्टॅलिनच्या हयातीत, त्याच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्याच सोयीसाठी चालू होते.

१९४५ साली युद्ध संपले तेव्हा स्टॅलिन ६६ वर्षांचा होता. त्याच्यानंतर कोण, हे ठरविण्याचा नियम नव्हता. पक्षाचे अठरावे अधिवेशन १९३९ मध्ये भरले आणि एकोणिसावे थेट १९५२ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत सभासदांना कौल देण्याची संधीच मिळाली नाही. जिथे कौल नसतो तिथे मर्जी असते. मॉलोतोव्ह, बेरिया, मॅलेन्कोव्ह, झ्दानोव्ह, मिकोयान, ख्रुश्चेव्ह ही सगळी माणसे या एका मर्जीवर उभी होती.

१९४६ साली मॅलेन्कोव्हला पक्षाच्या चिटणीसपदावरून दूर करण्यात आले आणि झ्दानोव्हचे वजन वाढले. १९४८ च्या उन्हाळ्यात मॅलेन्कोव्ह परत आला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला झ्दानोव्ह मरण पावला आणि त्याच्या आधाराने वर आलेली लेनिनग्राडची माणसे उघडी पडली. कुझ्नेत्सोव्ह हा जर्मन वेढ्याच्या काळात लेनिनग्राडमध्ये झ्दानोव्हच्या बरोबरीने उभा राहिलेला माणूस. वोझ्नेसेन्स्की हा देशाच्या नियोजनाचा प्रमुख. जानेवारी १९४९ मध्ये लेनिनग्राडला वरिष्ठांच्या परवानगीशिवाय एक घाऊक व्यापारी जत्रा भरविली, असा ठपका तिथल्या पुढाऱ्यांवर आला. वोझ्नेसेन्स्कीवर नियोजनाचे आकडे लपविल्याचा आणि गुप्त कागद हरवल्याचा आरोप आला. फाशीची शिक्षा १९४७ साली रद्द झाली होती, ती जानेवारी १९५० मध्ये पुन्हा आणण्यात आली. १ ऑक्टोबर १९५० रोजी या दोघांसह सहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. १९५४ साली याच माणसांना निर्दोष ठरविण्यात आले.

मॉलोतोव्हची गोष्ट तर फारच बोलकी आहे. त्याच्या बायकोला पक्षातून काढण्याचा ठराव डिसेंबर १९४८ मध्ये आला, तेव्हा त्याने मत दिले नाही. थोड्याच दिवसांत, आपण मत दिले नाही ही चूक झाली, असे त्याने स्टॅलिनला लेखी कळविले. जानेवारी १९४९ मध्ये बायकोला अटक झाली. मार्चमध्ये त्याचे परराष्ट्रमंत्रीपद गेले. तरीही तो वरिष्ठ वर्तुळात बसतच राहिला. नवरा सत्तेच्या पंगतीला आणि बायको हद्दपारीत, अशी ती व्यवस्था होती. ऑक्टोबर १९५२ मध्ये अधिवेशनानंतर स्टॅलिनने मध्यवर्ती समितीसमोर मॉलोतोव्ह आणि मिकोयान यांच्यावर उघड तोफ डागली. लहानसे पॉलिटब्युरो मोडून २५ जणांचे अध्यक्षमंडळ नेमले. नवी माणसे आत आली की जुनी माणसे आपोआप धास्तावतात.

यातला हेतू ध्यानात घेतला पाहिजे. दोन माणसे एकमेकांना भिऊन राहिली की ती तिसऱ्याविरुद्ध एक होत नाहीत. म्हणून भांडण मिटविण्यापेक्षा ते धगधगत ठेवणे सत्ताधाऱ्याला सोयीचे असते. या व्यवस्थेने शेवटी स्टॅलिनलाही सोडले नाही. १३ जानेवारी १९५३ च्या 'प्रावदा'त डॉक्टरांच्या कटाची बातमी आली आणि मोठमोठे डॉक्टर तुरुंगात गेले. १ मार्चला स्टॅलिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. आत जाण्याची पहारेकऱ्यांची हिंमत झाली नाही. रात्री तो जमिनीवर पडलेला आढळला. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ५ मार्चला तो मेला. जूनमध्ये बेरियाला अटक झाली, डिसेंबरमध्ये गोळी. फेब्रुवारी १९५५ मध्ये मॅलेन्कोव्हचे पंतप्रधानपद गेले. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी ख्रुश्चेव्हने बंद दाराआड स्टॅलिनच्या व्यक्तिपूजेवर भाषण केले. ज्यांनी पूजा बांधली त्यांतलाच तो एक होता.

दूरच्या देशातल्या या भांडणाशी बेंबळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, आणि तेलंगण ही एकाच हैदराबाद संस्थानाची, पुढे राज्याची अंगे होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि चार-पाच दिवसांत निजामी संपली. पण संस्थानाच्या दुसऱ्या टोकाला तेलंगणात जमीनदारांविरुद्ध हत्यार उचललेल्या शेतकऱ्यांवर त्याच फौजा वळल्या. त्या लढ्यात माला आणि मादिगा समाजाचे भूमिहीन मोठ्या संख्येने होते. वेठबिगारी कोणाच्या पाठीवर होती, हे आपल्याला सांगायला नको.

सप्टेंबर १९४७ मध्ये पोलंडमधील कॉमिनफॉर्मच्या बैठकीत झ्दानोव्हने जग दोन छावण्यांत विभागले असल्याचे सांगितले. त्याचा पडसाद म्हणून फेब्रुवारी-मार्च १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पी. सी. जोशी यांना दूर करून बी. टी. रणदिवे यांना सरचिटणीस केले आणि उठावाची दिशा घेतली. जोशींना पुढे पक्षाबाहेरही काढण्यात आले. ९ मार्च १९४९ चा रेल्वे संप फसला. त्याच वर्षी रणदिव्यांनी माओवर टीका केली आणि त्याच वर्षी माओ जिंकला. जानेवारी १९५० मध्ये कॉमिनफॉर्मच्या मुखपत्राने चीनचा मार्ग गौरविला आणि काही महिन्यांत रणदिव्यांचे पद गेले. त्यांच्या जागी सी. राजेश्वर राव आले, त्यांच्यानंतर अजय घोष. १९५१ च्या आरंभी घोष, डांगे, राव आणि बसवपुन्नय्या हे चौघे मॉस्कोला स्टॅलिनला भेटले. ऑक्टोबर १९५१ मध्ये तेलंगणाचा लढा मागे घेण्यात आला.

लढा मागे घेणे चूक होते, असे मी म्हणत नाही. फौजेपुढे माणसे मरत होती. माझा प्रश्न निराळा आहे. उठावाची दिशा ठरली तेव्हा आणि बदलली तेव्हाही, ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना कोणी विचारले? मॉस्कोला गेलेल्या चौघांत एकही दलित नव्हता. इथे कोणाला गोळी घातली नाही, कारण पक्षाच्या हाती राज्य नव्हते. पण कालचा सरचिटणीस आज गुन्हेगार आणि काल चुकलेला आज बरोबर, ही रीत तीच होती.

हे मी रशियाच्या द्वेषापोटी लिहीत नाही. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. रशिया मला प्रथम भेटला तो अण्णा भाऊंच्या 'माझा रशियाचा प्रवास'मधून, आणि माणसाला माणूस मानणारा देश कुठेतरी आहे, या जाणिवेने त्या वयात मला बळ दिले. ते ऋण मी नाकारत नाही. पण ऋण मानणे आणि डोळे मिटणे यांत फरक आहे. तो फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकविला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्यानंतर महिना उलटायच्या आत, २१ डिसेंबरला, मॉस्कोत स्टॅलिनचा सत्तरावा वाढदिवस जगभरच्या भेटींनी साजरा झाला. २० नोव्हेंबर १९५६ च्या काठमांडूच्या भाषणात बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. बळ काढून घेतल्यावर मागे काय उरते, हा त्यांचा कम्युनिस्टांना प्रश्न होता.

आणि आपण? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोनच वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. १९७२ साली पँथर उभी राहिली, १९७४ मध्ये ढसाळ आणि ढाले वेगळे झाले. एकीकडे मार्क्सचा झेंडा, दुसरीकडे बुद्धाचा. तो वैचारिक वाद खराच होता, त्याची टिंगल मी करणार नाही. पण वाद कुठे करायचा, निर्णय कोणी द्यायचा आणि हरलेल्याने संघटनेत मानाने कसे राहायचे, याचा नियम आपल्याकडेही नव्हता. म्हणून मतभेद झाला की फूट, एवढी एकच वाट उरली. वस्तीतल्या माणसाला फुटीची बातमी कळली, तिचे कारण कुणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

तेव्हा त्या पोराला माझे उत्तर असे आहे. भांडण माघारी लागले नाही. ते आधीपासून होते, फक्त ते बोलण्याची सोय नव्हती. नेता किती मोठा, यापेक्षा त्याच्यासमोर उभे राहून "हे चुकते आहे" म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी असतो का, यावर संघटना पारखावी.

पुढच्या वर्गाला मी हेच सांगितले. पोरांनी आपसात बोलून वहीच्या पहिल्या पानावर दोन कलमे लिहिली: वर्गाचा निमंत्रक दरवर्षी बदलेल, आणि वर्गणीचा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जाईल. मग त्याच पोराने हात वर केला. "सर, व्याख्यातासुद्धा दरवर्षी बदलायचा का?" वर्ग हसला. मी मात्र तेही तिसरे कलम म्हणून लिहून घ्यायला सांगितले.