विश्लेषण : विमानाच्या केबिनमध्ये विषारी वाफा कशा शिरतात? वैमानिकांना झालेला त्रास सिद्ध करणे अवघड का?

१९ डिसेंबर २०१०. व्हिएन्नाहून आलेले जर्मनविंग्जचे एअरबस ए३१९ विमान कोलोनला उतरत असताना कॉकपिटमध्ये उग्र, जळकट वास पसरला. दोन्ही वैमानिकांना मळमळू लागले, हातापायांना मुंग्या आल्या. ऑक्सिजन मास्क लावून त्यांनी कसेबसे विमान उतरवले. विमानातील १४९ जण बचावले, मात्र सहवैमानिक अनेक महिने कामावर परतू शकला नाही. वास नेमका कशाचा होता, हे जर्मन तपास यंत्रणेला ठामपणे सांगता आले नाही.

केबिनमध्ये हवा येते कुठून?

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा फार विरळ असते. त्यामुळे बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली दाबलेली, तापलेली हवा घेऊन ती थंड करून केबिनमध्ये सोडतात. हीच ‘ब्लीड एअर’. आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर दिसणाऱ्या एअरबस ए३२० आणि बोईंग ७३७ विमानांतही हीच पद्धत आहे. बोईंग ७८७ मात्र अपवाद आहे. त्यात विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत घेतात.

मग दोष कुठे?

इंजिनातील तेल अडवणारे सील झिजले किंवा तेल जास्त भरले गेले, तर ते या गरम हवेत मिसळू शकते. अशा घटनेला ‘फ्यूम इव्हेंट’ म्हणतात. अनेकदा घाणेरड्या मोज्यांसारखा वास येतो. या तेलात झीज रोखण्यासाठी ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते. त्याचा ‘टीओसीपी’ हा प्रकार मज्जातंतूंना घातक आहे. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात त्याची भेसळ झाल्याने हजारो लोकांना पक्षाघात झाला होता. आजच्या तेलात हा प्रकार अत्यल्प असतो, पण इतर प्रकारांबाबत वाद कायम आहे.

हेपा फिल्टर उपयोगी नाही का?

तो विषाणू आणि धूलिकण अडवतो, वायू आणि वाफा नाही.

वाद नेमका काय?

डोकेदुखी, चक्कर, थरथर, विसराळूपणा अशा तक्रारींना काही संशोधकांनी १९९९ मध्ये ‘एअरोटॉक्सिक सिंड्रोम’ हे नाव दिले. मात्र वैद्यकशास्त्रात अजून त्याला अधिकृत आजार म्हणून मान्यता नाही. युरोपच्या विमान सुरक्षा यंत्रणेच्या २०१७ मधील अभ्यासात केबिनची हवा घर-कार्यालयांइतकी किंवा त्याहून चांगली आढळली. पण ती मोजमापे नेहमीच्या उड्डाणांतली होती. दुसरीकडे, १९९२ मध्ये विमानातील धुरामुळे श्वसनाचा त्रास जडलेल्या ऑस्ट्रेलियन हवाई सेविकेला न्यायालयाने भरपाई दिली. २०१० मध्ये तो निकाल कायम झाला.

अडचण कुठे आहे?

बहुतेक विमानांत तेलाच्या वाफा ओळखणारा सेन्सरच नाही. कर्मचाऱ्याचे नाक हेच एकमेव यंत्र. विमान उतरून दार उघडेपर्यंत हवा बदललेली असते आणि पुरावाही गेलेला असतो. प्रवासी ही हवा काही तास घेतो, कर्मचारी वर्षानुवर्षे.

प्रवाशांनी काय करावे?

विचित्र वास आला तर लगेच केबिन क्रूला सांगावे. वरून खाली पडणाऱ्या मास्कवर भिस्त ठेवू नये, कारण त्यात केबिनचीच हवा मिसळते. शंभर टक्के ऑक्सिजन मिळतो तो वैमानिकांच्या मास्कमध्ये.