रंग, रस आणि स्वर : भारतीय संदर्भात सहसंवेदन

एका इंद्रियास मिळालेल्या उद्दीपनाने दुसऱ्या प्रकारची संवेदनाही आपोआप जागी होणे, या अवस्थेस मानसशास्त्रात ‘सिनेस्थेशिया’ म्हणजेच सहसंवेदन म्हणतात. अशा व्यक्तीस एखादे अक्षर वा स्वर ठरावीक रंगाचा जाणवतो. ही जोडी तिच्या इच्छेवर अवलंबून नसते आणि वर्षानुवर्षे बहुधा बदलत नाही. अंकांना रंग असणाऱ्या व्यक्तींचे वर्णन फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच केले होते.

भारतीय संदर्भात या विषयाची चर्चा होताना संकेत आणि अनुभव यांची गल्लत होते. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोतवर्णी आणि रौद्र रक्तवर्णी मानला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या संगीतरत्नाकरात षड्ज कमळाच्या, मध्यम कुंदफुलाच्या, तर पंचम काळ्या वर्णाचा सांगितला आहे. यावरून प्राचीन आचार्य सहसंवेदनशील होते, असा निष्कर्ष काढणे मोहक असले तरी योग्य नव्हे. त्याच ग्रंथात षड्ज ब्राह्मण आणि गांधार वैश्य ठरतो. स्वरांना ऋषी, देवता व द्वीपेही वाटून दिलेली आहेत. स्वराची जात कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. हे वर्गीकरणाचे शास्त्र आहे, संवेदनेची नोंद नव्हे. ‘गोड गळा’, ‘कडू बोल’, ‘बोचरी नजर’ हे मराठी प्रयोगही रूढ लक्षणाच होत; ते ऐकून जिभेवर चव येत नाही.

खऱ्या सहसंवेदकाची अडचण नेमकी येथेच होते. पंचम हिरवा दिसतो, असे त्याने सांगितल्यास ऐकणारा ते काव्य समजतो, किंवा शास्त्राधारे दुरुस्त करतो! वस्तुतः ही अवस्था तितकी विरळ नाही. ज्युलिया सिम्नर व सहकाऱ्यांच्या २००६ मधील ब्रिटनमधील पाहणीत तिचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले.

तथापि संस्कृतीचा वाटा नाकारता येत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६,५८८ अमेरिकी सहसंवेदकांपैकी सुमारे ६ टक्के व्यक्तींचे अक्षररंग एका लोकप्रिय चुंबकीय खेळण्यातील अक्षरांशी जुळले. मग कमळाच्या चित्रासह ‘क’ गिरवणाऱ्या मराठी मुलाचा ‘क’ गुलाबी होतो का? त्याला वेलांटी लागल्यावर रंग पालटतो का, आणि ‘क्ष’ या जोडाक्षराचा रंग कोणता? रोमन अक्षरांसाठी रचलेल्या चाचण्यांत हे प्रश्न उद्भवतच नाहीत. देवनागरीसाठी चाचणी मुळापासूनच रचावी लागेल.