पोझेगाचा: जुना निळा आलूबुखार आणि त्याचा चिवट शत्रू

हिमाचलहून आपल्या बाजारात येणारा लालबुंद, गोल, रसाळ आलूबुखार बहुतेक जपानी जातकुळीचा असतो. युरोपातला आलूबुखार ही वेगळी प्रजाती आहे आणि तिच्यातली फार जुनी, फार लाडकी जात म्हणजे सर्बिया-बोस्नियाच्या डोंगरउतारांवरची ‘पोझेगाचा’. फळ लहान, लांबट, गडद निळे. गर पिवळसर, घट्ट आणि इतका गोड की साखरेचा कणही न घालता तासन्‌तास आटवून त्याचा ‘पेकमेझ’ हा दाट मुरंबा होतो. बी गरापासून अलगद सुटते, म्हणून फळ सुकवायलाही सोपे. सर्बियातली ‘श्लिवोवित्सा’ ही आलूबुखाराची दारू गाळण्याची परंपरा 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तिच्यात या फळाचा वाटा मोठा आहे.

या फळाचा निळा रंग सालीच्या रंगद्रव्यातून येत नाही, ते द्रव्य तांबडे-काळपट असते. निळाई येते सालीवरच्या मेणाच्या थरातून. त्यातले सूक्ष्म स्फटिक निळा आणि अतिनील प्रकाश विखुरतात. फळ बोटाने चोळले की मेण पुसले जाते आणि खाली काळसर साल दिसते.

पोझेगाचाच्या मुळांवरून धुमारे फुटतात. शेतकरी ते मुळासकट उपटून दुसरीकडे लावत आले. कलमाची गरज नाही, खर्च नाही, आणि प्रत्येक नवे झाड जनुकीयदृष्ट्या आईसारखेच. चव पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती यामुळे. पण सगळी झाडे जवळजवळ एकसारखी असली की एकाला न पेलणारा रोग कुणालाच पेलत नाही.

असाच एक रोग 1917 च्या सुमारास पश्चिम बल्गेरियात दिसला. नाव ‘शार्का’. पानांवर फिकट वलये उमटतात, फळांवर खड्डे पडतात, गर तपकिरी होतो आणि पिकायच्या आधीच फळांचा सडा पडतो. झाड मात्र सहसा मरत नाही. ते वर्षानुवर्षे उभे राहून रोग वाटत राहते, आणि मला यातले सर्वांत क्रूर हेच वाटते. शार्का विषाणूमुळे होतो. खानदेशातल्या पपई बागायतदारांना छळणारा रिंगस्पॉट विषाणूही त्याच पॉटीव्हायरस गटातला. दोन्ही मावा पसरवतो. मावा रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसतो, उडतो, शेजारच्या पानाची चव घेतो, आणि तेवढ्यात काम झालेले असते. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत विषाणू पोहोचलेला असतो. लांबचा प्रवास विषाणू कलमाच्या रोगट डोळ्यांमधून आणि रोपांमधून करतो. ज्या धुमाऱ्यांनी जात जगवली, त्यांतूनही तो पुढे जातो.

सर्बियातल्या चाचाक येथील फळसंशोधन संस्थेने संकराचा मार्ग धरला. स्टॅन्ली या अमेरिकी जातीशी पोझेगाचाचा संकर करून ‘चाचान्स्का रोद्ना’ आली. ही जात शार्का सहन करते आणि भरघोस फळते. पण सहन करणे म्हणजे रोगमुक्त असणे नव्हे. विषाणू झाडात राहतोच, आणि शेजारी जुनी पोझेगाचा असेल तर तिला धोका कायम. जर्मनीची ‘योयो’ जात वेगळी वागते. विषाणू शिरला की तिथल्या पेशी स्वतःहून मरतात आणि तो जागीच अडकतो.

अमेरिकेत राल्फ स्कोर्झा यांच्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनाचे जनुक आलूबुखारात घातले. झाडाची पेशी त्यापासून बनलेल्या आरएनएचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा विषाणूचा आरएनएही कापून टाकते. ‘हनीस्वीट’ नावाच्या या झाडाच्या चाचण्या युरोपातही अनेक वर्षे झाल्या, आणि माव्याने पसरवलेल्या विषाणूपुढेही त्याने तग धरला.

मग पोझेगाचालाच असे का करू नये? अडचण पेशींच्या पातळीवर आहे. आलूबुखारात नवे जनुक सहसा बियांतल्या कोवळ्या अंकुरात घालतात, आणि बी म्हणजे परागसिंचनातून झालेली नवी जनुकीय सरमिसळ. हनीस्वीटही अशाच बियांतून जन्मले. जुन्या जातीची जनुके जशीच्या तशी ठेवायची तर प्रौढ झाडाच्या पानाच्या किंवा फांदीच्या ऊतीपासून पूर्ण रोप उभे करावे लागते. आलूबुखाराच्या झाडात ते अजूनही फार अवघड जाते. पोझेगाचाचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी पैसा आणि वेळ आधी या एका अडचणीवर लावावा, असे मला ठामपणे वाटते. कारण ती सुटली, तर विषाणू आपली वाढ करून घेण्यासाठी झाडाचे जे प्रथिन वापरतो, त्याचे जनुक जुन्याच जातीत बंद करून विषाणूची वाढ रोखता येईल.