उसाच्या बेटावरचा यंत्रमानव आणि एक संथ प्रेमकथा

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेस समुद्रात तानेगाशिमा नावाचे एक लांबट, चिंचोळे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मॉरिशसच्या साधारण एक चतुर्थांश. तेथेही ऊस पिकतो, रताळी पिकतात, वादळे येतात आणि शिकलेली मुले बेट सोडून मोठ्या शहरांकडे जातात. या बेटावरील एका शाळेत यंत्रमानव बनवू पाहणाऱ्या मुलामुलींची कथा २०१२ साली जपानात प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘रोबोटिक्स नोट्स’. ही कथा छापील पुस्तकात नाही, पडद्यावर वाचावयाची आहे. इंग्रजीत ती २०२० साली आली, आणि आपल्या घरांतील काही तरुण मंडळींच्या हाती ती असेलही. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी आज आम्ही तिची ओळख करून देत आहोत.

चित्रकादंबरी म्हणजे काय?

या प्रकाराला इंग्रजीत ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. आपण त्याला चित्रकादंबरी म्हणू. पडद्यावर मागे एखाद्या वर्गाचे किंवा समुद्रकिनाऱ्याचे चित्र असते, पुढे पात्र उभे असते आणि खाली ओळीओळीने मजकूर उमटतो. बटण दाबले की पुढची ओळ येते. संगीत असते, पुष्कळदा पात्रांचे आवाजही असतात. अधूनमधून वाचकाला विचारले जाते, ‘आता तू काय करशील?’ त्याच्या उत्तराप्रमाणे कथेला वेगळी वाट फुटते. धावपळ, गोळीबार, उड्या मारणे असे यात सहसा काही नसते. काम मुख्यतः वाचण्याचे, आणि तेही थोडेथोडके नव्हे, मोठ्या कादंबरीएवढे.

१९९२ साली चुन्सॉफ्ट या जपानी कंपनीने ‘ओतोगिरिसो’ नावाची भयकथा याच रीतीने काढली. पुढे १९९६ मध्ये लीफ या कंपनीने आपल्या मालिकेसाठी ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव वापरले आणि ते रूढ झाले. याच लीफची १९९७ सालची ‘टू हार्ट’ ही शाळेतील प्रेमकथा फार गाजली. तिच्यात मल्टी नावाची एक यंत्रकन्या आहे. कारखान्याने तिला चाचणीसाठी काही दिवस शाळेत पाठविलेले असते. ती जिने झाडते, चुकते, ओशाळते, आणि चाचणी संपली की तिला परत जावे लागते. यंत्राला मन असते काय हा प्रश्न त्या कथेने तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला नाही. निरोपाच्या वेळी वाचकाचे डोळे का भरून येतात, एवढेच त्याला अनुभवावयास लावले.

मंडळ बंद पडू नये म्हणून

‘रोबोटिक्स नोट्स’ची नायिका अकिहो ही शाळेच्या यंत्रमानव मंडळाची प्रमुख. मंडळात सुरुवातीला सभासद दोनच. एक ती स्वतः आणि दुसरा तिचा बालपणापासूनचा सोबती काइतो, ज्याला हातातल्या खेळाशिवाय कशातच रस नाही. अकिहोचे स्वप्न मात्र मोठे आहे. दूरदर्शनवरील एका गाजलेल्या मालिकेतला महाकाय यंत्रमानव तिला प्रत्यक्षात उभा करावयाचा आहे. तिच्या थोरल्या बहिणीने हे काम आरंभिले होते. बहीण बेट सोडून गेली आणि काम धाकटीच्या अंगावर आले. शाळेच्या उपमुख्याध्यापकांना हा सारा खर्च व्यर्थ वाटतो. ‘रोबो-वन’ या स्पर्धेत जिंकून दाखवा, मग पैशाचे बघू, अशी त्यांची अट. ही स्पर्धा खरोखरीची आहे. दोन पायांवर चालणाऱ्या छोट्या यंत्रमानवांच्या झुंजी तीत २००२ सालापासून होतात.

पुढे मंडळात आणखी मुले येतात, प्रत्येक जण आपापले ओझे घेऊन. सुबारूला यंत्रमानवाचे उत्तम ज्ञान आहे, पण त्याच्या वडिलांना ते मान्य नाही. जुन्ना नावाच्या मुलीला यंत्रमानवांची भीती वाटते आणि तिचे आजोबाच यंत्रमानव दुरुस्त करणारे. घरच्यांच्या अपेक्षा आणि मुलांची ओढ यांतील ही ओढाताण आपणांस अनोळखी नाही. परीक्षा आणि ट्यूशन यांतून उरलेल्या वेळात काही घडवू पाहणारे मूल आपल्याही प्रत्येक गावात आहे.

कथेत सूर्यावरील वादळांविषयीचे एक मोठे कारस्थानही आहे. आमच्या मते तो भाग काही ठिकाणी लांबला आहे. वाचकाला धरून ठेवतात ती मंडळाच्या खोलीतील माणसेच.

मोठा यंत्रमानव उभा का राहत नाही?

यंत्रशास्त्राच्या बाबतीत लेखकांनी वाचकाची फसवणूक केलेली नाही. टीव्हीवरचा देखणा आकार वेगळा आणि उभा राहू शकणारा सांगाडा वेगळा, हे मुलांना कष्टाने उमगते. यामागचे गणित सोपे आहे. एखाद्या वस्तूची उंची, रुंदी व जाडी दुप्पट केली तर तिचे वजन आठपट होते, पण पायांची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, चौपटच वाढते. म्हणजे पायावरचा ताण दुप्पट झाला. उंची दहापट केली तर ताणही दहापट. त्यात मोटारी आणि बॅटऱ्या यांचे वजन, आणि एका पायावर तोल सांभाळण्याची कसरत.

याचा दाखला योकोहामा येथे पाहावयास मिळाला. तेथे डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत ‘गुंडम’ या प्रसिद्ध मालिकेतला १८ मीटर उंचीचा यंत्रमानव लोकांना दाखविला जात होता. तो हात हलवी, गुडघा उचली, पण कमरेशी त्याला मागच्या भक्कम आधाराने धरून ठेवलेले असे. स्वतःच्या पायांनी तो मोकळा चालला नाही.

कथेसाठी हे बेट निवडले त्यालाही कारण आहे. १९६९ साली तानेगाशिमावर अंतराळ केंद्र स्थापन झाले आणि जपानचे मोठे अग्निबाण तेथूनच उडतात. त्याच्याही आधी, १५४३ साली, पोर्तुगीजांच्या हातून बंदूक जपानात प्रथम आली ती याच बेटावर. पुढे जपानात बंदुकीलाच ‘तानेगाशिमा’ म्हणू लागले. तेथील लोक एक दंतकथा सांगतात. बंदुकीच्या नळीचे बूड स्क्रूने कसे बंद करावे हे बेटावरच्या लोहाराला समजेना, तेव्हा ती विद्या मिळावी म्हणून त्याने आपली मुलगी वाकासा पोर्तुगीजाला दिली. यंत्रविद्येपायी कोणाच्या तरी मनाची किंमत मोजली जाते, ही गोष्ट त्या बेटाला जुनीच आहे.

प्रेम कोठे आहे?

काइतो आणि अकिहो या दोघांनाही लहानपणी एका जहाजावर घडलेल्या घटनेपासून एक विचित्र व्याधी आहे. झटका आला की काइतोला काळ अतिशय मंद चालल्यासारखा वाटतो. अकिहोचे नेमके उलट. तिच्या दृष्टीने काळ झपाट्याने निघून जातो. शेजारी बसलेल्या दोघांचे घड्याळ असे वेगळे चालते. एक जण ‘घाई कसली?’ म्हणतो, दुसरीला वाटते की हातून सारे निसटते आहे. कबुलीचे शब्द येण्याआधीच वाचकाला कळते की हा आळशी मुलगा त्या धुळकट खोलीत यंत्रमानवासाठी बसलेला नाही, तिच्यासाठी बसलेला आहे.

वाट निवडण्याची रीतही येथे निराळी आहे. ‘हिच्यावर प्रेम कर, तिच्यावर कर’ असा प्रश्न समोर येत नाही. काइतोच्या हातातील यंत्रावर मित्रमैत्रिणींचे छोटे संदेश येत राहतात. कोणाच्या संदेशाला आपण काय उत्तर देतो, यावर कथा कोणाकडे वळेल हे ठरते. पुष्कळ वाचकांना पहिल्या वाचनात हे लक्षातही येत नाही आणि ते वैतागतात. आम्हांस मात्र ही युक्ती पटली. ज्यांची मुले लंडनला, पॅरिसला किंवा सिडनीला आहेत, त्यांना विचारा. नाते टिकते ते अशाच दोन ओळींच्या उत्तरांवर, आणि तुटते तेही न दिलेल्या उत्तरांनीच.

खरीखुरी यंत्रशाळा आणि दहीहंडी

जपानात तंत्रशिक्षणाच्या ‘कोसेन’ नावाच्या संस्था १९६२ पासून आहेत. पंधराव्या वर्षी मुले त्यांत जातात आणि पाच वर्षे शिकतात. एन.एच.के. या जपानी प्रसारण संस्थेने १९८८ पासून त्यांच्यासाठी यंत्रमानव स्पर्धा सुरू केली. तिच्यातूनच वाढलेली आशिया-पॅसिफिक देशांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ पासून भरते. २००८ साली ती महाराष्ट्रात, पुण्यास झाली आणि विषय काय होता? गोविंदा आणि दहीहंडी! देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे यंत्रमानव मडक्यांतले लोणी मिळविण्यासाठी झटत होते. २०१४ साली ही स्पर्धा पुन्हा पुण्यातच भरली. आपला खेळ अभियंत्यांच्या मैदानावर उतरला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आईवडिलांसाठी दोन शब्द

चित्रकादंबऱ्या सगळ्याच मुलांसाठी नसतात. ‘टू हार्ट’चीही पहिली आवृत्ती प्रौढांसाठी होती, सर्वांना चालेल अशी आवृत्ती १९९९ साली निघाली. तेव्हा वेष्टनावरील वयोमर्यादा पाहून मगच मुलांच्या हाती द्यावी. पण मूल तासन् तास पडद्यापुढे बसून वाचत असेल, तर त्यास ‘खेळत बसलास’ म्हणून रागावण्यापूर्वी काय वाचतोस एवढे विचारावे.

दुसरे सांगावयाचे म्हणजे, अशा कथा लिहिण्याचे ‘रेन्पाय’ नावाचे साधन २००४ पासून मोफत मिळते. २०१७ साली जगभर गाजलेली ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ याच साधनावर तयार झाली. मराठी शिकणारी आपली मुले निबंध लिहितात, गणेशोत्सवात नाटुकली करतात. एक जण चित्रे काढणारा, एक संगणक जाणणारा, एक आजीकडून भाषा शिकलेली मुलगी, असे तिघे जमले तर उसाच्या शेताकाठच्या कॉलेजातली पंधरा मिनिटांची एक मराठी कथा पडद्यावर येऊ शकते. येत्या सुट्टीत कोणी हा प्रयत्न केला तर या पानावर त्याची हकीकत आम्ही आनंदाने छापू.