वल्लींच्या मागचं घर

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की जुना नाशिककर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते नंतर विचारतो. आधी विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघा, कंबर, छाती, गळा अशी पुराची मोजपट्टी शहराने गोदाघाटावरच्या त्या मूर्तीच्या अंगावरच आखून ठेवली आहे. माणसं लक्षात ठेवण्याची गावाची रीतही अशीच असते. भद्रकालीच्या, तिवंध्याच्या, रविवार कारंजाच्या आठवणी निघाल्या की सालं आणि घरनंबर मागे पडतात आणि कुणाची चाल, कुणाचा तिरसटपणा, कुणाचं एकच ठरलेलं वाक्य पुढे येतं. अशा माणसांना आपण ‘वल्ली’ म्हणतो. १९६२ साली पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ आलं आणि रत्नागिरीच्या अंतू बर्व्यासारखा आपल्याही गावात कोण होता, हे जो तो आठवू लागला. हे आठवणं फार मोलाचं आहे, पण आपण बहुतेक वेळा ते अर्ध्यावर सोडतो. लकब सांगतो आणि हसतो. माणूस तसा का झाला आणि त्याच्या तऱ्हेवाईकपणाचा भार घरात कुणी वाहिला, हे विचारायचं राहून जातं. मला वाटतं, हे दोन प्रश्न विचारले तरच आठवणीला इतिहासाचं वजन येतं.

याचा सर्वांत पक्का दाखला नाशिकजवळच सापडतो. गोदावरीकाठच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपल्या वडिलांचं, नानांचं चित्र काढलं आहे. नाना सोवळ्याने झपाटलेले होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्यातून मीठही सुटत नसे. मीठ धुवायला बसलं की परातीत काय उरणार, हे वेगळं सांगायला नको. चारचौघांत सांगायला याहून फर्मास किस्सा कुठला मिळणार? लक्ष्मीबाईही तो सांगताना हसू दाबत नाहीत. पण त्या तिथेच थांबत नाहीत. नानांच्या सासऱ्यांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली आणि फाशी देणारे हात अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या माणसाचे होते. त्या विटाळाच्या कल्पनेने नानांच्या मनाने जो धसका घेतला, तो आयुष्यभर गेला नाही. म्हणजे गावाला दिसत होता एक विक्षिप्त ब्राह्मण, आणि त्याच्या आत होती एका फाशीची भीती. त्या भीतीची शिक्षा भोगली ती घराने. जिच्या वडिलांना फाशी झाली, त्या मुलीनेच नवऱ्याच्या सोवळ्यापायी रोज नव्याने धुणीपाणी काढायची आणि पोरांनी प्रत्येक गोष्टीला हात लावताना बिचकायचं. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० साली बाप्तिस्मा घेतला. खाण्यापिण्यातली शिवाशिव त्यांच्या मनातून कशी एकेक पायरीने गळून पडली, हेही त्यांनी तितक्याच सरळपणाने लिहिलं आहे. नानांचं मीठ धुणं माहीत असल्याशिवाय त्या पायऱ्यांची उंची कळत नाही.

दुसरा दाखला ऐन गावातला. तिळभांडेश्वर गल्लीच्या परिसरात आबा दरेकर नावाचे पायाने अधू असलेले गृहस्थ राहत. आपल्याकडे व्यंग हीच माणसाची ओळख करून टाकण्याची जुनी वाईट खोड आहे. गल्लीची आठवण एवढ्यावरच थांबली असती तर एक पांगळा लावणीकार म्हणून ते केव्हाच विसरले गेले असते. पण सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेशी त्यांचं नातं जुळलं आणि लावण्या रचणारा तो हात स्वातंत्र्याची गीतं लिहू लागला. हेच कवी गोविंद. ती गीतं छापली म्हणून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांना स्वतःला गल्ली ओलांडणं अवघड, त्यांचे शब्द सरकारला इतके जड गेले. १९२६ मध्ये गोविंद गेले. त्यांच्या ‘सुंदर मी होणार’ या कवितेचं नाव आज बहुतेकांना पु. लं.च्या नाटकाचं नाव म्हणून ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल की या दोघांमागे पुस्तक होतं, कविता होती. पारावरच्या ऐकीव गप्पांवर काय विश्वास ठेवायचा? आक्षेप रास्त आहे. सांगणारा बदलला की किस्सा फुगतो, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर जाते. पण कागदही सगळं सांगत नाही. १८८३ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये नाशिकचे घाट आहेत, देवळं आहेत, धंदे आहेत. तांबट आळीत घण घालणाऱ्या एखाद्या तांबटाचा स्वभाव मात्र त्यात शोधून सापडणार नाही. तो सापडला तर आठवणीतच सापडेल. म्हणून ती टाकून देण्यापेक्षा पारखून घ्यावी: कोण सांगतंय, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, दुसरा कुणी तेच सांगतो का?

दुसरा आक्षेप मनाला जास्त लागणारा आहे. म्हातारपणी माणसं गोड आठवणींत रमतात, तिथे जातीचे आणि दुःखाचे प्रश्न उकरून त्यांचा आनंद का घालवायचा? पण ज्या घाटाच्या आणि देवळाच्या आठवणी आपण गोड म्हणून सांगतो, त्याच काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून हजारो स्त्री-पुरुष प्रवेशासाठी सत्याग्रहाला उभे होते. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं होतं, आणि इथली धुरा दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव गायकवाडांनी वाहिली. सत्याग्रह काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. त्या वर्षांत देवळापाशी रोज बसणारा एखादा विनोदी, हजरजबाबी म्हातारा कुणाच्या आठवणीत असेलच. तो आत जाणाऱ्यांपैकी होता की दाराशी अडवलेल्यांपैकी, हे सांगितल्याने त्याचा विनोद कमी होत नाही. तो कुठून बोलत होता तेवढं कळतं. बायका तर या आठवणींत जवळजवळ नाहीतच, कारण पार पुरुषांचा होता. वाड्याच्या मागच्या पडवीत, जात्यापाशी आणि आडावर ज्या फटकळ, नकलाकार, धीट बायका होत्या, त्यांना पाहिलेल्या लेकी-सुना आज ऐंशीच्या घरात आहेत. वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत. त्या आजींना विचारायचं असेल, तर ते याच काही वर्षांत विचारायला हवं.