ओळखीचे जाळे

भिवंडी आणि मालेगाव ही यंत्रमागांची गावे. तेथील चहाच्या हॉटेलात थोडा वेळ बसले, की निरनिराळ्या खबरी कानांवर येतात. एका कारखान्यात माग चालवायला माणूस हवा असतो. एखाद्या दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा पाहिजे असतो. ऐकणारा घरी जाऊन शेजाऱ्याला सांगतो. शेजारी आपल्या भाच्याला पाठवतो. वर्तमानपत्रात जाहिरात येत नाही, तरी भाच्याला काम मिळते.

ही ओळखीची ताकद आहे. पण तिला एक मर्यादाही आहे. आपल्या ओळखीचे लोक ज्या कामात असतात, त्याच कामाची खबर आपल्याला मिळते. समजा, मागावर काम करणाऱ्या एका कारागिराची मुलगी बी.कॉम. झाली. तिला मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करायची आहे. पण तिच्या घरात, गल्लीत आणि नात्यात अशा कचेरीत काम करणारे कोणीच नाही. मग तिला त्या नोकरीची खबर कोण देणार?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नोकरी आणि ओळख यांचा अभ्यास केला. १९७३ साली त्याने आपला लेख प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्याने विचारले, "ज्याने तुम्हांला खबर दिली, तो माणूस तेव्हा तुम्हांला किती वेळा भेटत असे?" नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले फक्त ९ जण निघाले. ३० जणांना अधूनमधून भेटणाऱ्या माणसाने खबर दिली होती, तर १५ जणांना क्वचितच भेटणाऱ्या माणसाने!

असे का व्हावे? कारण सोपे आहे. आपले जवळचे मित्र आपल्यासारखेच असतात. आपल्याला जे ठाऊक असते, तेच बहुधा त्यांनाही ठाऊक असते. दूरच्या ओळखीचा माणूस मात्र वेगळ्या जगात वावरतो. तेथील बातमी आपल्यापर्यंत तोच आणू शकतो.

आता ही दूरची ओळख संगणकावर आणि मोबाइलवरही जोडता येते. त्यासाठी खास संकेतस्थळे आहेत. त्यांपैकी 'लिंक्डइन' हे सर्वांत प्रसिद्ध आहे. ते २००३ साली अमेरिकेत सुरू झाले. नोकरीच्या जाहिरातींची संकेतस्थळे भारतात त्याआधीच, १९९७ च्या सुमारास आली होती. पण जाहिरातीत फक्त जागा दिसते. लिंक्डइनवर जागेबरोबर माणसेही दिसतात. आपल्या ओळखीचा माणूस कोणाला ओळखतो, हेही कळते. २०२२ साली या संकेतस्थळाच्या २ कोटी सभासदांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अगदी जवळच्या ओळखीपेक्षा थोडी दूरची ओळख नोकरी मिळायला अधिक उपयोगी पडते, असे त्यातही दिसून आले.

आपण पुन्हा त्या मुलीकडे वळू. ती प्रथम स्वतःचे पान तयार करते. त्यात ती नाव, शिक्षण आणि येत असलेली कामे लिहिते. "मी मेहनती आहे," एवढेच लिहून भागत नाही. मेहनती तर सगळेच म्हणवतात. त्याऐवजी ती लिहिते, "गल्लीतील किराणा दुकानाचे दोन वर्षांचे हिशेब मी संगणकावर ठेवले." हे वाचणाऱ्याला पटते. उर्दू, मराठी, हिंदी व इंग्रजी या चार भाषा येतात, हेही ती लिहिते. उर्दू शाळेत शिकलो हे सांगायला काही मुले संकोचतात. पण चार भाषा येणे ही कमाई आहे. ती लपवायची कशाला? एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवावी. पानावर खोटे काही लिहू नये. दाखला तपासला, की खोटे उघडे पडते आणि हातची नोकरी जाते.

नंतर ती आपल्याच महाविद्यालयात पूर्वी शिकलेल्या लोकांची नावे शोधते. त्यांतील एक बाई एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. ती त्यांना लिहिते, "आदरणीय मॅडम, आपण ज्या महाविद्यालयात शिकलात, तेथूनच मी यंदा बी.कॉम. झाले. मला हिशेबाच्या कामात रस आहे. सुरुवातीला काय शिकावे, हे आपण मला सांगाल का?" या पत्रात तिने नोकरी मागितलेली नाही, सल्ला मागितला आहे. अनोळखी माणूस नोकरी देऊ शकत नाही, पण सल्ला देऊ शकतो. पुढे जागा निघाली, तर त्याला आपली आठवणही होते. दहा जणांना लिहिले, तर कदाचित दोघांचेच उत्तर येईल. म्हणून निराश होऊ नये. शंभर जणांना "मला नोकरी द्या" असा एकच मजकूर पाठवणे मात्र व्यर्थ आहे.

जेथे गरजू लोक जमतात, तेथे ठगही येतात. ते मोठ्या कंपनीचे नाव सांगतात, गोड बोलतात आणि नोंदणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी पैसे मागतात. चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे मागितले, की तेथेच थांबावे. बँकेचा गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये. घरचा पत्ता पानावर टाकू नये. परदेशातील नोकरीचा निरोप आला, तर घरच्या मोठ्या माणसांना विचारल्याशिवाय एकही पाऊल टाकू नये. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

नोकरी, अर्ज, शिफारस, वशिला हे शब्द तुम्हांला परके नाहीत. ते अरबी-फारसीतून मराठीत आले आणि उर्दूतही आहेत. पण मराठीत 'वशिला' या शब्दाला वाईट अर्थ चिकटला आहे. लायकी नसताना दुसऱ्याच्या जोरावर जागा मिळवणे, म्हणजे वशिला लावणे. उर्दूत 'वसीला' म्हणजे साधन. ओळखीचा उपयोग उर्दूतल्या अर्थाने करावा, मराठीतल्या अर्थाने नव्हे. ओळख आपल्याला दारापर्यंत नेते. दाराच्या आत मुलाखतीत आपले काम आपल्यालाच दाखवावे लागते.

लिंक्डइनवर सोळा वर्षांखालील मुलांना सभासद होता येत नाही. पण तयारी आजच करता येईल. वहीचे एक पान घ्या. तुम्हांला येणारी पाच कामे त्यावर लिहा. प्रत्येक कामापुढे ते कोठे आणि कसे केले, हे लिहा. पान रिकामे राहिले, तर काय शिकायचे तेही तुम्हांला कळेल. ज्यांच्या घरात कचेरीत जाणारे आजवर कोणी नव्हते, त्यांच्यासाठी ओळखीचा पहिला धागा त्या पानापासूनच सुरू होतो.

स्वाध्याय

१. जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीचा माणूस नोकरीची नवी खबर का देऊ शकतो?
२. मुलीने पत्रात नोकरी न मागता सल्ला का मागितला?
३. 'वशिला' या शब्दाच्या मराठी व उर्दू अर्थांतील फरक सांगा.
४. तुमच्या शाळेच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला सल्ला मागणारे पाच ओळींचे पत्र लिहा.