उपचार फुकट, पण जगणे महाग

नागपूर हे आता कॅन्सरवरील उपचारांचे मोठे केंद्र झाले आहे, असे आपल्याला उठता-बसता सांगितले जाते. ते खोटे नाही. १९४७ पासूनचे मेडिकल आहे, मेयो आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. खाजगी दवाखान्यांची तर गणतीच नको. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळच काय, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि तेलंगणातूनही रोगी नागपूरची गाडी पकडतो. इमारती उभ्या झाल्या, यंत्रे आली, याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु इमारतीच्या फाटकाजवळ चादर अंथरून झोपणाऱ्या माणसाचे काय, असा आमचा प्रश्न आहे. तो गाठोडे घेऊन आला, गाठोडे घेऊनच परत जाणार. मधल्या काळात त्याच्या आयुष्याचे काय झाले, याचा हिशेब कोणाच्या वहीत आहे?

कॅन्सरच्या संशोधनात फार काळ एकच मोजमाप होते. रोगी किती महिने जगला? ते महिने कसे गेले, हे विचारण्याची रीत उशिरा आली. १९९३ मध्ये युरोपातील संशोधकांनी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज जगभर तीच वापरतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील संशोधकांनी ती मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या रोग्यांवर तपासून घेतली. दुखते का, झोप लागते का, भूक लागते का, मन खचले का, असे प्रश्न त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे. पण मूळ प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न पाहा. बाजाराची जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का, अशा अर्थाचा तो आहे. आमच्या बाया सुटकेस कुठे उचलतात? त्या विटांचे घमेले उचलतात, सरपणाचा भारा उचलतात, धानाचे ओझे वाहतात. पैशाच्या ओढाताणीबद्दल तीस प्रश्नांत एकच प्रश्न आहे आणि त्याचा नंबर अठ्ठाविसावा. आमच्या रोग्याचा तो पहिला प्रश्न असतो.

मजुरी कोण देणार?

सरकार म्हणते, उपचार फुकट आहेत. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात विदर्भातील गडचिरोली आणि अमरावती होते. पुढे ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२४ पासून संरक्षणाची रक्कम पाच लाखांवर नेण्यात आली. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, शेक या साऱ्याचा खर्च त्यात बसतो. या योजनेने अनेकांचे प्राण वाचले, हे मान्य करायलाच हवे.

पण तोंडाच्या कॅन्सरला शेक देतात तो आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. तेवढे दिवस रोग्याने नागपुरात राहायचे. सोबत घरचे एक माणूस हवेच. म्हणजे एका घराच्या दोन मजुऱ्या दीड-पावणेदोन महिने बुडाल्या. खोलीचे भाडे, डबा, ऑटो वेगळेच. योजना दवाखान्याचे बिल भरते, चुलीचे बिल कोण भरणार? मग शेळ्या विकल्या जातात, मंगळसूत्र गहाण पडते, पोराची शाळा सुटते. अर्ध्या उपचारातून उठून जो गावी जातो, त्याच्या केसपेपरवर ‘रोगी आला नाही’ एवढीच नोंद होते. तो का आला नाही, हे कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर या देशात ऐंशी वर्षांपूर्वीच शोधले गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात आजारी कामगाराच्या विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या कायद्याने आजारी कामगाराला औषध तर मिळतेच, शिवाय बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला मजुरीच्या ऐंशी टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत रक्कम मिळू शकते. आजारी माणसाला औषधाइतकीच भाकरीची गरज असते, हा विचार या कायद्याच्या मुळाशी आहे.

परंतु हा कायदा कारखान्याच्या आणि आस्थापनेच्या दारापर्यंतच पोहोचला. शेतमजूर, बांधकामावरची बाई, कचरा वेचणारा, रिक्षावाला, घरकाम करणारी मावशी त्याच्या बाहेर राहिली. आणि या बाहेर राहिलेल्यांत कोणत्या जातींची माणसे आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. कॅन्सरच्या रोग्याला तिचा लाभ घेता येतो. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. पण पात्रतेची अट पाहा. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवे, ही मर्यादा वर्षानुवर्षे चालत आली. २०१७ मध्ये कामगार विम्यासाठी पगाराची मर्यादा ठरली तीही २१,००० रुपयेच, पण महिन्याला! एकाच देशात एकाला महिन्याचे एकवीस हजार आणि दुसऱ्याला वर्षाचे एकवीस हजार. विषमता आणखी वेगळी काय असते?

रात्री ताप आला तर?

केमो घेतल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात. तेव्हा आलेला ताप साधा नसतो. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. कॅन्सर मणक्यात उतरला आणि पाय जड पडू लागले, तर चालता येत आहे तोवरच उपचार झाले पाहिजेत. एकदा पाय गेले की ते क्वचितच परत येतात. म्हणजे कॅन्सर हा जसा संथ आजार आहे, तसाच तो तातडीचाही आजार आहे.

आता धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या रोग्याचा विचार करा. केमो नागपुरात झाली, ताप गावात आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाची गोळी मिळते आणि ‘सकाळी नागपूरला घेऊन जा’ असा सल्ला मिळतो. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. पण गाडी जवळच्या दवाखान्यात नेऊन सोडणार आणि तिथे या तापाचा अर्थ कळला नाही, तर गाडी येऊन काय उपयोग? नागपूरचा रस्ता कित्येक तासांचा आणि औषधाची वेळ एका तासाची. या अंतरावर किती संशोधन झाले?

आणि हा उपकाराचा विषय नाही. पश्चिम बंगालमधील हकीम शेख हे शेतमजूर संघटनेचे सदस्य १९९२ मध्ये रेल्वेतून पडले. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्यांना परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. निकाल लागून इतकी वर्षे झाली. ‘खाट नाही’ हे वाक्य मात्र अजून निवृत्त झालेले नाही.

वेदनेलाही औषध आहे

२०१० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने डॉक्टरांचा मोठा समज खोडून काढला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रोग्यांपैकी काहींना सुरुवातीपासूनच वेदना, दम, नैराश्य यांवरची वेगळी शुश्रूषा देण्यात आली. त्यांचे जगणे सुसह्य तर झालेच, पण ते सरासरी अधिक काळ जगले; ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. म्हणजे वेदना शमवणे हे शेवटचे, हात टेकल्यानंतरचे काम नाही. तो उपचारच आहे.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुने आणि स्वस्त औषध. ते ज्या अफूपासून बनते ती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सैल केला गेला. केरळने तर २००८ मध्येच वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण आणून ती ग्रामपंचायतीपर्यंत नेली. आमच्या तालुक्याच्या गावात मात्र कॅन्सरचा रोगी रात्रभर कण्हतो आणि घरचे म्हणतात, ‘भोग आहे.’ भोग कसला? ही व्यवस्थेची बेपर्वाई आहे. तिला प्रारब्धाचे नाव देणे आपण तरी थांबवले पाहिजे.

शरीर आमचे, लाभ कोणाचा?

१९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक बायकांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी करवली. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. पण दोन्हींत तुलनेसाठी हजारो बायका अशा ठेवल्या गेल्या की त्यांना माहिती दिली, तपासणी दिली नाही. यावर जगभर वाद झाला. संशोधकांचे उत्तर होते की देशात जी प्रचलित सेवा आहे तीच त्यांना मिळाली. प्रचलित सेवा म्हणजे काय? तर काहीच नाही!

बरे, ज्यांच्या शरीरावरून हे ज्ञान मिळाले त्यांच्या लेकी-सुनांना तरी ते मिळाले का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. व्हिनेगर महाग आहे काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. केमो घेणाऱ्या प्रत्येक रोग्याच्या हाती मराठीत एक कार्ड द्या. ताप आला तर कोणते औषध, कुठे आणि किती वेळात, हे त्यावर लिहा आणि गावच्या डॉक्टरला ते वाचायला शिकवा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन ठेवा. असंघटित मजुराला उपचाराच्या काळात मजुरी द्या. मेडिकलमधील स्वतंत्र कॅन्सर इन्स्टिट्यूटचा प्रश्न दशकाहून अधिक काळ रेंगाळला. गरिबाचा दवाखाना कागदावर ठेवू नका. आणि संशोधकांनो, औषधाचे महिने मोजता तसे बुडालेले रोजही मोजा.

काही काम आपलेही आहे. नागपूरच्या कॅन्सर नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे आणि खर्रा आमच्या वस्तीच्या प्रत्येक कोपऱ्यावर घोटला जातो. विहाराच्या पायरीवर खर्र्याची पन्नी पडलेली दिसते, तेव्हा मान खाली जाते. समाजाच्या बळावर शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका आज शेकड्यांनी आहेत. महिन्यातून एका रविवारी विहारात बसून तोंड तपासा, योजनेचे अर्ज भरून द्या, १०८ ला काय सांगायचे ते शिकवा. जयंतीच्या वर्गणीतून दोन खोल्या मेडिकलजवळ भाड्याने घेतल्या, तर गडचिरोलीच्या रोग्याला फुटपाथवर झोपावे लागणार नाही. सरकारशी भांडण चालू ठेवू, पण भांडण मिटेपर्यंत रोग्याला उपाशी ठेवणे आम्हाला परवडणारे नाही.